इंग्रजीच्या तासाला गोष्टीचं पुस्तक द्या, त्यावर प्रश्न नकोत
मा. शिक्षणमंत्री यांस,
स. न. वि. वि.

तेरा ते सोळा वयाची मुलं इंग्रजीच्या तासाला मान खाली घालून बसतात, ही तक्रार आपल्यापर्यंत आली असेलच. त्यावर उपाय म्हणून दरवेळी जादा तास आणि सराव चाचण्या वाढतात. या मुलांनी इंग्रजीत जे काही वाचलंय, त्या प्रत्येक परिच्छेदामागून प्रश्न आलेत. वाचणं म्हणजे पकडलं जाणं, हे त्यांच्या मनात पक्कं बसलंय.

हिशेब साधा आहे. पानावर अडीचशे शब्द असतील आणि त्यांतले पाचच अनोळखी असतील, तर मूल अडखळत का होईना, गोष्टीच्या ओढीने पुढे जातं. पंचवीस अनोळखी असतील तर जवळजवळ प्रत्येक ओळीला एक दगड लागतो. बोट ओळीखाली थांबतं, मूल शब्दकोश उघडतं, परत येईपर्यंत वाक्याची सुरुवात विसरलेली असते. पाठ्यपुस्तकातले बरेच धडे असेच असतात. शिवाय नवा शब्द धड्यात एकदाच भेटतो. गोष्टीत तोच शब्द पुन्हापुन्हा येतो आणि न घोकता ओळखीचा होतो.

1980 च्या सुमारास वॉरिक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई या शिक्षण-संशोधकांनी फिजीतल्या ग्रामीण शाळांत वर्गावर्गात सुमारे अडीचशे गोष्टीची पुस्तकं ठेवून पाहिली. वाचन तर सुधारलंच, दुसऱ्या वर्षी त्याचा फायदा लेखनात आणि व्याकरणातही दिसला. ती मुलं लहान होती. किशोरवयात आणखी एक पथ्य पाळावं लागतं: भाषा सोपी हवी, पण पुस्तक बालिश दिसता कामा नये. चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती ससा-कासवाचं चित्र दिलं, तर तो ते मित्रांसमोर उघडणार नाही. जेमतेम चारशे वेगवेगळे सोपे शब्द वापरून लिहिलेल्या रहस्यकथा, भुताच्या गोष्टी, खेळाडूंची चरित्रं मिळतात, तीच घ्यावीत.

चाळीस मुलांच्या वर्गाला साठ-सत्तर पुस्तकं, तीन-चार पातळ्यांची, उघड्या पेटीत, आणि रोज वीस मिनिटं. निवड मुलाची. आवडलं नाही तर दहा पानांनंतर परत ठेवायची मुभा. ही मुभा शिक्षकांना फार जड जाते, पण तिच्याशिवाय सगळं पुन्हा धड्यावर येतं. त्या वेळात शिक्षकांनी वह्या तपासू नयेत, स्वतः वाचावं. आठवड्यातून एकदा एखाद्या पुस्तकाची पहिली दोन पानं मोठ्याने वाचून ऐन रंगात थांबावं. त्या पुस्तकासाठी रांग लागते.

उपक्रम फसतो तो ठरलेल्या ठिकाणी. पुस्तकं हरवतील म्हणून कपाटाला कुलूप लागतं. मग कोणीतरी सारांश लिहायला लावतं, पुढच्या वर्षी त्याला पाच गुण ठेवतं, आणि मुलं मलपृष्ठावरचा मजकूर वाचून सारांश उतरवू लागतात.

म्हणून आपल्या परिपत्रकात तीन वाक्यं स्पष्ट असावीत: या वाचनाला गुण नाहीत, त्यावर लेखी काम नाही, हरवलेल्या पुस्तकाची मुलांकडून वसुली नाही. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी फक्त देवघेवीची वही पाहावी. ज्या पुस्तकापुढे तीन महिन्यांत एकही नाव नाही, ते पेटीतून काढून दुसरं ठेवावं.

आपले,
इंग्रजीचे शिक्षक व शालेय ग्रंथपाल