‘सैन्यात पॅरामेडिक’ : मुले अडतात ती गुणपत्रिकेवर

महोदय,

बारावीचा निकाल लागला की ‘सैन्यात पॅरामेडिक (जखमी-आजारी जवानांवर पहिले उपचार करणारा) व्हा’ असे फलक भरती अकादम्यांबाहेर लागतात. मात्र या नावाने अर्ज निघत नाही. लष्करात हे काम नर्सिंग असिस्टंट करतो, नौदलात आणि हवाई दलात मेडिकल असिस्टंट. हे माहीत नसलेला बायोलॉजीचा मुलगा सरळ अग्निवीर जनरल ड्युटीचा अर्ज भरून मोकळा होतो. ती नेमणूक चार वर्षांची. नर्सिंग असिस्टंटची भरती नियमित सेवेची आहे.

लष्कराची अट अशी : वय साडेसतरा ते २३, बारावी विज्ञान, फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी व इंग्रजी, एकूण किमान ५० टक्के आणि या प्रत्येक विषयात किमान ४० टक्के. मेख या ४० मध्ये आहे. आपल्या बोर्डात ३५ ला पास होता येते. त्यामुळे एकूण ६० टक्के मिळूनही फिजिक्सला ३७ असलेला मुलगा अपात्र ठरतो, आणि हे त्याला अनेकदा कागदपत्र तपासणीच्या रांगेत कळते. असा मुलगा बोर्डाच्या श्रेणीसुधार योजनेतून पुन्हा बसू शकतो, पण वय हातात असेतोवरच. अकरावीत बायफोकलसाठी (इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्ससारख्या व्यवसाय विषयासाठी) बायोलॉजी सोडलेल्यांना ही वाट नाहीच. डी.फार्म. (औषधनिर्माण पदविका) झालेल्यांसाठी शिपाई फार्मा हे पद वेगळे आहे. वय १९ ते २५, डिप्लोमाला किमान ५५ टक्के आणि फार्मसी कौन्सिलची नोंदणी.

मुलींचे नुकसान वेगळ्याच कारणाने होते. नर्सिंग असिस्टंटची भरती मुलांची. मुलींसाठी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसचा चार वर्षांचा बीएस्सी नर्सिंग अभ्यासक्रम आहे. त्याची महाविद्यालये पुण्यात एएफएमसीला (सशस्त्र दलांचे वैद्यकीय महाविद्यालय) आणि मुंबईत कुलाब्याच्या अश्विनी या नौदल रुग्णालयातही आहेत. निवडीसाठी ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचे गुण लागतात. राज्याची नर्सिंग सीईटी दिली की पुरते, असे समजून मुली नीटचा अर्जच भरत नाहीत आणि वर्ष जाते.

अकादम्या सगळा भर धावण्यावर देतात. पण आता आधी ऑनलाइन लेखी परीक्षा होते, मग मैदानी चाचणी. त्या परीक्षेत बायोलॉजी-केमिस्ट्रीचे प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात.

नर्सिंग असिस्टंटचे कामही स्पष्ट सांगायला हवे. रक्त वाहणाऱ्या हातापायाला टूर्निके (रक्त थांबवण्यासाठी आवळायचा पट्टा) जखमेपासून पाच ते सात सेंटीमीटर वर, धडाच्या बाजूला बांधायचा, सांध्यावर नाही, खिशातल्या वस्तूवर नाही. रक्तस्राव थांबून खालची नाडी लागेनाशी होईपर्यंत आवळायचा आणि बांधल्याची वेळ लिहायची. सैल राहिला तर शिरा दबतात, धमनी चालूच राहते आणि रक्त उलट जास्त जाते. जखमी वेदनेने ‘सैल कर’ म्हणून ओरडतो. तिथे हात डगमगून चालत नाही. जांघेत किंवा काखेत तो बांधता येत नाही. तिथे जखमेत रक्त गोठवणारे गॉज (औषध लावलेले जाळीदार कापड) ठासून किमान तीन मिनिटे सलग दाबून धरावे लागते. अतिउंचावर बसल्या जागी धाप लागलेला जवान थकलेला नसून त्याच्या फुफ्फुसात पाणी भरत असू शकते. हे ओळखून त्याला ऑक्सिजन देणे आणि विनाविलंब खाली उतरवणे, हे याच माणसाचे काम आहे.

कनिष्ठ महाविद्यालयांनी ४० टक्क्यांची अट अकरावीच्या विषयनिवडीच्या वेळीच पालकांना लेखी द्यावी, आणि नीटच्या अर्जाची मुदत नर्सिंगला जाऊ पाहणाऱ्या मुलींच्या वर्गात वाचून दाखवावी.

– एक निवृत्त वैद्यकीय सहायक, सातारा