जनुकीय अहवाल आणि विम्याचा अर्ज

संपादक महोदय,

स्तनाच्या कर्करोगाच्या काही रुग्णांना डॉक्टर ‘बीआरसीए’ जनुकाची चाचणी सुचवतात. या जनुकातला दोष कर्करोगाचा धोका वाढवतो आणि पिढीतून पिढीत उतरू शकतो. म्हणून दोष आढळला की बहिणी आणि मुलींचीही तपासणी होते. मुलगी ठणठणीत, हातात पॉझिटिव्ह अहवाल आणि पुढ्यात विम्याचा अर्ज. पंचाईत इथे आहे.

‘आनुवंशिक विकार’ एवढेच मोघम कारण देऊन आरोग्य विम्याचा दावा नाकारणे घटनेच्या कलम 14 शी विसंगत आहे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये म्हटले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. पुढे इर्डाई या विमा नियामक संस्थेनेही 2019 मध्ये असे विकार सरसकट वगळण्यास मनाई केली. म्हणजे दाव्याची बाजू थोडी सावरली. पण पॉलिसी देतानाच नकार द्यायचा किंवा हप्ता वाढवायचा, तर त्याला अडवणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. कॅनडात तो 2017 पासून आहे.

थॅलेसेमिया मायनरचेच घ्या, म्हणजे थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे नुसते वाहक असणे. गरोदरपणातल्या तपासणीत एचबीए२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार साडेतीन टक्क्यांच्या वर दिसतो, बाई वाहक ठरते. तिला उपचार लागत नाहीत. तरी एजंट घाईत ‘रक्ताचा विकार : होय’ अशी खूण करतो आणि कंपनीत ‘थॅलेसेमिया’ एवढाच शब्द वाचला जातो. अशा वेळी ‘केवळ वाहक, उपचाराची गरज नाही’ असे तज्ज्ञाचे पत्र आणि हिमोग्लोबिनचा ताजा अहवाल अर्जालाच जोडावा. खूण स्वतः करावी, एजंटवर सोडू नये. अर्जात ‘निदान झालेला आजार’ विचारला आहे की ‘केलेली कोणतीही चाचणी’, हेही नीट वाचावे. विचारलेले दडवू मात्र नये. आरोग्य विम्यात सलग 60 महिने उलटल्यावर कंपनीला माहिती दडवल्याचा मुद्दा काढता येत नाही, पण फसवणूक सिद्ध झाली तर हे संरक्षण उरत नाही.

विमा नसेल तर तो चाचणीआधी घेणे शहाणपणाचे. घरातल्या आजारांचा रकाना तेव्हाही खराच भरावा. दावा फेटाळला तर कारण लेखी मागावे, आधी कंपनीकडे तक्रार करावी आणि महिनाभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जावे. गोव्यासाठी हे कार्यालय मुंबईला आहे, फी लागत नाही. पॉलिसीच नाकारलेल्याला मात्र या वाटेचा फारसा उपयोग नाही, आणि कायदा हवा तो त्याच्यासाठीच.

विमा हा केंद्राचा विषय, तेव्हा गोव्याच्या तिन्ही खासदारांनी तो संसदेत मांडावा. गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) आणि खासगी प्रयोगशाळांना त्यासाठी थांबायचे कारण नाही. संमतीपत्रात ‘या अहवालाचा विम्यावर परिणाम होऊ शकतो’ ही ओळ त्यांना आजही घालता येईल.

— एक वाचक, फोंडा