जुन्या नाशकात रस्त्यांचे मानक हवे

महोदय,
सिंहस्थाच्या निमित्ताने जुन्या नाशकाच्या पुनर्विकासाचा विषय निघाला की निधीची चर्चा होते, पण रस्त्याची पातळी, पदपथाची रुंदी आणि दिव्यांचे खांब यांचे लेखी मानक आधी ठरवण्याविषयी कोणी बोलत नाही. आमच्या गल्लीतील वाड्याला पूर्वी तीन दगडी पायऱ्या होत्या. जुना थर न खरवडता त्यावर नवा थर चढवण्याच्या पद्धतीमुळे आज एकच उरली असून पावसाचे पाणी थेट ओसरीत येते. सरस्वती नाल्याच्या पाण्याने सराफ बाजारात होणारे हाल तर सर्वांना ठाऊक आहेत, त्यामुळे घरांच्या जोत्याच्या पातळीपेक्षा रस्ता खालीच ठेवण्याचा नियम सर्वप्रथम हवा.

रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी रुंदी लागते. भांडी बाजारासारख्या चिंचोळ्या रस्त्यावर ती निघणार नाही, हे उघड आहे. तेथे वेगळा पदपथ न काढता सलग पातळीची फरसबंदी करून वाहनांच्या वेळा ठरवाव्यात. फरशी मात्र गुळगुळीत नको, टाकी मारून खरखरीत केलेला काळा बेसाल्ट हवा, कारण रामकुंडाकडे भाविक ओल्या पायांनी, अनेकदा अनवाणी चालतात.

— एक वाचक, पंचवटी, नाशिक