झाडं गातात तिथे हात आवर

सांगली,
रविवार, दुपार

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू वैतागली होतीस. "आई, अगं छापील पानावर काहीच नाही! वर गाणं, खाली खर्जाची एक ओळ, मधे सगळं रिकामं." मी हसले, तर आणखी चिडलीस. मुली, तीस वर्षं मी संगीत नाटकांना पेटीची साथ केली. माझ्या पुढ्यात तर ती खालची ओळसुद्धा नसायची. पदांची वही असायची, तीही तेलाच्या डागांनी निम्मी पुसलेली.

तर तेव्हापासून, तू जिच्या ऑपेराला, म्हणजे गाऊनच उलगडणाऱ्या नाटकाला, साथ करणार आहेस, त्या फ्रांचेस्का काच्चीनीने मला धरलंय. बाबा म्हणतात, घरात पाहुणी आल्यासारखं झालंय, सकाळच्या चहाला तिचाच विषय.

जन्म 1587, इटलीतलं फ्लॉरेन्स. बाप जुल्यो काच्चीनी, गवई आणि रचनाकार. आई गाणारी, धाकटी बहीण गाणारी. म्हणजे आपल्याकडे म्हणतात तसं घराण्यातलीच. आणि गंमत बघ, ज्या 'आवे मारिया' या मेरीमातेच्या प्रार्थनेसाठी आज लोक काच्चीनी हे नाव घेतात, ती त्या बापाची नाहीच! विसाव्या शतकात वाविलोव नावाच्या रशियन संगीतकाराने ती रचली. न केलेल्या चालीसाठी बाप प्रसिद्ध आणि केलेल्या ऑपेरासकट मुलगी विस्मरणात. आमच्या नाटकवाल्यांनासुद्धा असा विनोद सुचला नसता.

विशी ओलांडण्याआधी ती घरच्यांबरोबर फ्रान्सला जाऊन गायली. तिथला राजा चौथा हेन्री तिला ठेवून घ्यायला बघत होता, पण फ्लॉरेन्सच्या दरबाराने सोडलं नाही. 1607 पासून ती तिथल्या राज्यकर्त्या मेदिची घराण्याच्या दरबारात नोकरीला. गायची, शिकवायची, नाटकांना चाली लावायची. 1618 मध्ये तिच्या गाण्यांचं पुस्तक छापून निघालं. दरबारासाठी केलेल्या नाटकांचं संगीत मात्र जवळजवळ सगळं गेलं. उरला तो तुझ्या हार्पसिकॉर्डवर, त्या पियानोच्या थोरल्या बहिणीवर, ठेवलेला एकच खेळ, रुज्जेरोची आल्चीनाच्या बेटावरून सुटका. आल्चीना ही चेटकीण आणि रुज्जेरो तिने मोहात अडकवलेला योद्धा.

तो उरला कशामुळे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. 3 फेब्रुवारी 1625 ला, कार्निव्हलच्या दिवसांत, शहराबाहेरच्या पोज्जो इम्पेरियाले वाड्यात तो झाला. पोलंडचा राजपुत्र व्लादिस्लाव पाहुणा होता. नांदीतच समुद्राच्या देवाबरोबर पोलंडची व्हिस्तुला नदी येऊन उभी राहते, म्हणजे पाहुण्याला तिथेच हार घातला. शेवटी वाड्याच्या अंगणात घोड्यांचा नाच. खेळ करवून घेणारी मारिया माद्दालेना, त्या वेळी अल्पवयीन मुलाच्या वतीने सासूबरोबर राज्य चालवत होती. दोन बायकांच्या हाती सत्ता असताना एक चेटकीण कशी हरते, हे दाखवायचं होतं. साधं काम नव्हे! हा थाट जगाला कळावा म्हणून त्याच वर्षी स्वरांसकट छापला. छापला म्हणून वाचला. दरबारासाठी केलेलं किती संगीत निव्वळ वहीत राहून गेलं असेल. आमच्या सांगलीतही 1843 मध्ये भाव्यांनी नाटक केलं ते संस्थानिकांच्याच आश्रयाने, त्यामुळे दरबारचा हात पाठीवर असणं म्हणजे काय ते मला थोडंफार कळतं.

तुमच्या जाहिरातीत 'पहिली स्त्री संगीतकार' हे शब्द इतके मोठे आहेत की रुज्जेरो दिसतच नाही, ही तुझी तक्रार मला पटली. स्त्रीने रचलेला आज हाती असलेला सर्वांत जुना ऑपेरा, एवढं म्हटलं की पुरे. त्यातही मुखपृष्ठावर ऑपेरा हा शब्दच नाही, 'बालेत्तो' म्हणजे नाच असं छापलंय, आणि तिच्या नावापुढे नवऱ्याचं आडनाव. लोकांनी तो कौतुकाखातर बसून ऐकायचा नसतो गं. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा सुरुवातीला कंटाळले, खरं सांगते. एकामागून एक बोलकी गाणी, हाताशी धरावं असं काही सापडेना. मग तो मेंढपाळ गायला, त्याच्याबरोबर तीन बासऱ्या, आणि मी भाजी चिरायची थांबले.

नंतर आल्चीना. खेळाच्या नावात सुटका रुज्जेरोची, पण जीव ओतलाय तो आल्चीनात. मेलिस्सा ही चांगली जादूगारीण त्याच्या जुन्या गुरूचं रूप घेऊन येते, त्याला शुद्धीवर आणते, तो निघतो. तेव्हा ही विनवते, रडते आणि रडता रडता खवळते. ती वळणं स्वरात आहेत, शब्दांत कमी. हँडेल या संगीतकाराने हीच आल्चीना 1735 मध्ये लंडनमध्ये उभी केली, ती लोकांना माहीत असते. ही एकशे दहा वर्षांनी थोरली, ती कुणाला आठवत नाही. 1945 मध्ये डॉरिस सिल्बर्ट या बाईंनी अमेरिकेतल्या स्मिथ कॉलेजच्या मालिकेत हे संगीत पुन्हा छापलं, म्हणून पुढच्यांना हाताशी काहीतरी आलं. मग सुझॅन क्यूसिक यांनी 2009 मध्ये तिच्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. तुझ्या ग्रंथालयात असेल तर दरबारी हिशेबांचा भाग वगळून वाच.

आता साथीचं. रिकामं पान बघून भरत सुटू नकोस. गाणारीच्या आधी स्वर सांगायचा नाही आणि ती थांबली की आपणही थांबायचं. आल्चीनाचे जुने प्रियकर झाडं होऊन बेटावर उभे असतात आणि रुज्जेरो निघताना ते गातात, 'आम्हालाही सोडव.' तिथे हात आवर. डावा हात पुरे. मंतरलेल्या झाडांना नक्षी नको.

एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती सांगायचीच म्हणून हे पत्र. 1637 मध्ये फ्रांचेस्का दुसऱ्यांदा विधवा होती. मुलगी मार्गेरिता पंधरा वर्षांची. दरबाराने मुलीला रंगमंचावर गायला बोलावलं आणि जिचं सगळं आयुष्य दरबारात गाण्यात गेलं त्या आईने नाही म्हटलं. रंगमंचावर उभी राहिली तर जोगिणींच्या चांगल्या मठात जागा मिळणार नाही, अब्रूला धक्का लागेल, अशी भीती. हे वाचून मी पुस्तक मिटलं. तू आठवीत असताना नाटकात काम मिळालं होतं, आठवतं? मी दहावीच्या पायाचं कारण पुढे केलं. दहावीला दोन वर्षं होती. खरं कारण तालमीच्या खोलीत मागे पेटीवर बसून मी काय काय ऐकलं होतं, ते होतं. तेव्हाच तुला सांगायला हवं होतं.

बाबा विचारतात, खेळ रात्री किती वाजता, म्हणजे इथली वेळ काढता येईल. डिंकाचे लाडू परवा पाठवलेत, थंडीत रोज एक खा, मैत्रिणींना वाटून संपवू नकोस.

आणि हो, शेवटी आल्चीना राक्षसांबरोबर आगीच्या समुद्रावर निघते, ती आग तुम्ही कशी दाखवणार? आमच्याकडे एकदा लाल कागदाच्या पट्ट्या आणि टेबलफॅन होता. ऐन वेळी पंखा फिरून कागद पेटीत शिरले होते.

तुझी,
आई