माटवीचे सामान रानातून

यंदा चतुर्थीला आम्ही सगळी भावंडे सावंतवाडीजवळच्या गावी जमलो. माटवी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची, रानातल्या फळाफुलांनी सजवलेली लाकडी चौकट, बांधायला बसलो आणि गप्पा थेट लहानपणावर गेल्या. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू होण्याआधी मुंबईहून रात्रभर एसटीत आंबून गावी उतरलो, की आजोबा चहा होताच रानात पिटाळायचे. माटवीला बांधायला कवंडाळाची रानफळे, हरणाची फुले, आंबाडे, सुपारीचे शिपटे म्हणजे घड आणायचे. कवंडाळाचा वेल झाडावर उंच चढलेला. लांब काठीला कोयती बांधून तो ओढावा लागे. वरून लाल फळांबरोबर हुमले, म्हणजे चावऱ्या लाल मुंग्याही अंगावर पडत!

आता हे सारे बाजारात मिळते, तेही चांगल्याच महाग दराने. आमच्या मुलांनी कवंडाळ पहिल्यांदा पाहिले ते तिथेच. कोकणातल्या शाळांनी चतुर्थीपूर्वी मुलांना एक दिवस रानात न्यावे. प्रकल्पाच्या वह्या नंतरही भरता येतील.

– एक चाकरमानी, ठाणे