फुटलेला पिस्टन आधी वाचा, मग नवा मागवा

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

टर्बो पेट्रोल गाडीचा ईसीयू (इंजिनचा संगणक) रिमॅप करून, म्हणजे त्यातला इंधन आणि ठिणगीचा तक्ता (मॅप) बदलून, मोठा इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा) आणि मोकळा एक्झॉस्ट बसवून ताकद वाढवून घेण्याची हौस आता पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाही. अशा गाड्यांची तक्रार बहुधा ठरलेली असते: पिस्टन फुटला, बदलला, काही महिन्यांत पुन्हा फुटला. त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला, ‘कंपनीचा पिस्टन कमजोर आहे, फोर्ज्ड टाका.’ हा सल्ला मालकाला महागात पडतो. फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेला, पिस्टन मार जास्त सोसतो हे खरे, पण मार कुठून बसतो आहे ते शोधले नाही तर पुढच्या खेपेला कनेक्टिंग रॉड, बेअरिंग नाहीतर हेड गॅस्केट जाते. म्हणून कारण शोधायची पद्धत इथे सविस्तर मांडत आहोत.

सर्वांत आधी विचारायचे ते हे, की दोन्ही वेळा तोच सिलिंडर गेला की वेगळा? बिलावर ‘पिस्टन बदलला’ एवढेच असते, सिलिंडरचा नंबर नसतो, आणि तपास तिथेच अडतो. दरवेळी वेगळा सिलिंडर जात असेल तर दोष सगळ्यांना सामाईक असलेल्या गोष्टीत असतो: मॅप, पेट्रोल, बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब), आत जाणाऱ्या हवेचे तापमान. तोच सिलिंडर पुन्हा जात असेल तर मॅपला हात लावण्याआधी त्या सिलिंडरचा इंजेक्टर, प्लग, पिस्टनखालचा ऑइल जेट (पिस्टनवर तेल फवारणारी नळी), पाण्याचा मार्ग आणि कनेक्टिंग रॉड तपासावा. अशा वेळी लॅम्डा सेन्सरवर (मिश्रणात पेट्रोल कमी की जास्त ते सांगणाऱ्या) विसंबू नये. तो सगळ्या सिलिंडरांची सरासरी दाखवतो. चारपैकी एका इंजेक्टरमधून १२ टक्के पेट्रोल कमी पडले तर सरासरी फक्त ३ टक्क्यांनी हलते, आणि ईसीयू तेवढी भरपाई चौघांनाही सारखी वाटून देतो. मीटरवर सगळे ठीक दिसते आणि एक पिस्टन वितळत राहतो. इंजेक्टर बेंचवर लावून मोजनळ्यांत पडणारे पेट्रोल मोजले, की खरे काय ते कळते. आपापसात २ ते ३ टक्क्यांहून जास्त फरक नको.

आता पिस्टन हातात घ्या. तो धुऊ नका, वायरब्रश मारू नका. काजळी आणि जळक्या तेलाचे डाग हाच पुरावा आहे. क्राऊनच्या (पिस्टनच्या माथ्याच्या) कडेला वाळूचा मारा बसल्यासारखे बारीक खड्डे, पहिल्या आणि दुसऱ्या रिंगमधली पट्टी (रिंग लँड) तुटलेली आणि प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर ॲल्युमिनियमचे चमकते कण असतील, तर ते नॉकिंग, म्हणजे ठिणगीनंतर उरलेले मिश्रण आपोआप भडकणे. क्राऊनच्या मधोमध भोक, भोकाच्या कडा वितळून गुळगुळीत आणि प्लगचा इलेक्ट्रोड खाल्लेला असेल, तर ते प्री-इग्निशन, म्हणजे ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटणे. यात बहुतेक वेळा प्लग त्या ताकदीला फार गरम (उष्णता हळू सोडणारा) असतो. प्लग एक पायरी थंड घेताना आकड्याकडे नीट बघावे. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये आकडा कमी झाला की थंड. या उलटसुलट पद्धतीमुळे थंड समजून गरम प्लग बसवला जातो. एक्झॉस्टच्या बाजूची कड रिंगपर्यंत वितळून गेली असेल तर मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) झाले होते किंवा एक्झॉस्टचे तापमान हाताबाहेर गेले होते.

स्कर्ट, म्हणजे पिस्टनची खालची बाजू, हाही तितकाच बोलका असतो. पिनच्या दोन्ही अंगांना, चारी कोपऱ्यांत ओरखडे दिसले तर क्लिअरन्स (पिस्टन आणि सिलिंडरमधली फट) कमी आहे किंवा इंजिन तापले आहे. ओरखडे तिरके पडले असतील, म्हणजे वर एका बाजूला आणि खाली दुसऱ्या बाजूला, तर रॉड वाकलेला आहे. पहिल्या वेळी पिस्टन फुटला तेव्हा जुनाच रॉड न मोजता पुन्हा चढवला की असे होते, आणि नव्या पिस्टनला नावे ठेवली जातात. एकाच पिस्टनच्या पोटाला काळे, करपलेले तेल चिकटलेले असेल तर त्याचा ऑइल जेट वाकला आहे किंवा तुंबला आहे. ऑइल संपला (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याला) लावलेले सिलिकॉन जास्त झाले की आत सुटलेला तुकडा तिथेच जाऊन बसतो.

रिंग लँड स्वच्छ तुटली आहे, पण क्राऊनवर एकही खड्डा नाही, असे थेट इंजेक्शनच्या लहान टर्बो इंजिनात दिसले, तर संशय कमी आरपीएमवरच्या प्री-इग्निशनचा घ्यावा. साधारण १५०० ते २५०० आरपीएमला बूस्ट भरपूर असतो आणि पिस्टन सावकाश चालतो. रिंगच्या वरच्या फटीतला तेल-पेट्रोलचा थेंब ठिणगीच्या आधी पेटतो आणि त्या एका ठोक्यात पट्टी तुटते. ठिणगी उशिरा देऊन हे थांबत नाही, कारण आग ठिणगीने लागलेलीच नसते. ‘लो-एंड टॉर्क’च्या नावाखाली १५०० आरपीएमलाच पूर्ण बूस्ट देणारे मॅप नेमके इथे घात करतात. घाटात पाचव्या गिअरवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून गाडी ओढली की त्यात भर पडते. त्यावर इलाज तीन: मॅपमध्ये २२०० आरपीएमपर्यंत टॉर्क आवरता ठेवा, चढावर गिअर खाली घ्या, आणि २०२० साली आलेल्या एपीआय एसपी दर्जाचे ऑइल वापरा. कॅल्शियमयुक्त डिटर्जंट या प्री-इग्निशनला हातभार लावतात, म्हणून या दर्जासाठी ऑइलची त्याविरुद्ध खास चाचणी होते.

पेट्रोलचा मुद्दा सर्वांत दुर्लक्षित आहे. १०० ऑक्टेनच्या (ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची नॉकिंग टाळण्याची क्षमता) एक्सपी१०० पेट्रोलवर लिहिलेला मॅप कोकणातल्या एखाद्या पंपावर साधे पेट्रोल भरून जोरात चालवला, तर नॉकिंगला निमंत्रणच आहे. मॅप कोणत्या ऑक्टेनवर लिहिला ते टाकीच्या झाकणावर लिहून ठेवावे, आणि ते पेट्रोल प्रवासात मिळणार नसेल तर निघण्याआधी कमी ऑक्टेनचा मॅप टाकून घ्यावा. दुसरी गोष्ट इथेनॉलची. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधनाचे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण १४.७ असते, २० टक्के इथेनॉल असलेल्या ई२० ला ते सुमारे १३.५ होते. म्हणजे तेवढ्याच हवेला जवळपास ९ टक्के जास्त इंधन लागते. पूर्ण थ्रॉटलला लॅम्डा न बघता ठरावीक इंधन देणारा जुना मॅप लॅम्डा ०.८२ (१ म्हणजे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण, आकडा वाढला की पेट्रोल कमी) धरून चालतो आणि प्रत्यक्षात ०.८९ वर जातो. इथेनॉलचा ऑक्टेन आणि थंडावा थोडे सांभाळून घेतो, पण इंजेक्टर आणि पंप आधीच शेवटच्या टोकाला असतील तर वाढीव इंधन येणार कुठून? इंजेक्टरचा ड्युटी सायकल (तो उघडा राहण्याचा वेळ) ८५ टक्क्यांच्या आत हवा. वाचन नेहमी लॅम्डामध्ये घ्यावे, १४.७ धरून आखलेल्या मीटरवरचे हवा-इंधनाचे आकडे ई२० वर फसवतात.

एअर फिल्टरनंतरचा मोठा पाइप हेही एक छुपे कारण आहे. मास एअरफ्लो सेन्सर त्याच्या मूळ नळीच्या व्यासावर आखलेला असतो. नळी रुंद केली की सेन्सरसमोरून हवा हळू जाते, सेन्सर कमी हवा सांगतो, ईसीयू कमी पेट्रोल देतो. मॅपमध्ये सेन्सरचा तक्ता बदललेला नसेल तर असा पाइप बसवू नये.

पिस्टन पुन्हा फुटण्यामागे पहिल्या फुटीचा राहिलेला कचरा फार मोठा वाटेकरी असतो. रिंग लँड तुटली की क्रँककेसमधला दाब वाढतो आणि ब्रीदरवाटे (क्रँककेसच्या हवेच्या नळीवाटे) तेल इंटरकूलरमध्ये साचते. ते न धुता नवे इंजिन जोडले तर पहिल्याच जोरदार बूस्टला ते तेल सिलिंडरमध्ये ओढले जाते, आणि पेट्रोलमध्ये तेल मिसळले की ऑक्टेन घसरते. इंटरकूलर आणि सगळे पाइप सुटे करून सॉल्व्हंटने धुवावेत, निथळू द्यावेत, हवा मारावी. ऑइल कूलरच्या बारीक वाटांत अडकलेली ॲल्युमिनियमची कणी धुऊन खात्रीने निघत नाही, तो बदलावा. ब्लॉकच्या ऑइल गॅलरीचे प्लग काढून ब्रश फिरवावा, पिकअपची जाळी तपासावी आणि प्रत्येक जेटमधून हवा मारून बघावी.

मशीन शॉपच्या कामात रिंग गॅपला, म्हणजे रिंगच्या दोन टोकांमधल्या फटीला, पहिला मान. रिंगची टोके चकचकीत घासलेली दिसली तर गरम झाल्यावर ती एकमेकांना भिडली होती. मग रिंगला जागा उरत नाही आणि ती पट्टी उपटून काढते. रस्त्यावरच्या टर्बो इंजिनात पहिल्या रिंगला बोअरच्या (सिलिंडरच्या व्यासाच्या) दर मिलिमीटरला ०.००५ ते ०.००६ मिमी गॅप धरतात. ७४.५ मिमी बोअरला तो ०.३७ ते ०.४५ मिमी येतो. दुसऱ्या रिंगचा गॅप तेवढाच किंवा किंचित जास्त ठेवावा, आणि रिंग बनवणाऱ्याचा तक्ता वेगळे सांगत असेल तर तक्ता अंतिम मानावा. रिंग बोअरमध्ये घालून पिस्टनच्या माथ्याने साधारण २५ मिमी खाली सरळ ढकलावी आणि फीलर गेजने मोजावे. प्रत्येक रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये मोजायची. २६१८ मिश्रधातूच्या फोर्ज्ड पिस्टनला या बोअरला साधारण ०.०८ ते ०.१० मिमी क्लिअरन्स लागतो. कास्ट (ओतीव) पिस्टनच्या ०.०३ ते ०.०५ वर तो बसवला तर तो पकडणारच. होनिंग (बोअर घासून नीट करणे) टॉर्क प्लेट (हेडच्या जागी आवळायची जाड पाटी) लावून करावे, कारण हेडचे बोल्ट आवळल्यावर बोअरचा आकार बदलतो.

ब्लॉकचा माथा घासतानाही हिशेब हवा. ७१ मिमी बोअर, ७५.६ मिमी स्ट्रोक आणि १०:१ कॉम्प्रेशनच्या इंजिनात ०.३ मिमी घासले की ज्वलनकक्ष सुमारे १.२ सीसीने लहान होतो आणि कॉम्प्रेशन १०.३ वर जाते. हा बदल ट्यूनरला कळवला नाही तर जुन्याच टायमिंगवर नॉकिंग सुरू होते.

डिझेलवाल्यांसाठी एवढेच: रेल प्रेशर (इंधनाच्या दाबाच्या) सेन्सरला खोटा सिग्नल देणारा ट्यूनिंग बॉक्स बसवलेला असेल आणि पिस्टनच्या वाटीच्या कडेला चीर गेली असेल, तर आधी तो बॉक्स काढा, मग इंजेक्टरचे रिटर्न (परत जाणारे इंधन) मोजा.

जोडणीनंतर पहिले १००० किमी बूस्ट मूळ मर्यादेत ठेवावा. मग इंजिन गरम असताना, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून आणि इग्निशन व इंजेक्टर बंद करून कॉम्प्रेशन मोजावे. पाठोपाठ लीकडाऊन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजणे) करावी. ही दुसरी चाचणी टाळू नये. रिंग लँड तुटूनही कॉम्प्रेशन बरे दिसू शकते, पण लीकडाऊनमध्ये डिपस्टिकच्या नळीतून हवा फुसफुसते. नंतर डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), रस्त्यावर नव्हे, तिसऱ्या गिअरमध्ये २००० ते ६००० आरपीएमची ओढ घेऊन लॉग काढावा: मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, लॅम्डा, इंधनाचा दाब, इंटरकूलरनंतरच्या हवेचे तापमान आणि प्रत्येक सिलिंडरचे नॉक रिटार्ड (नॉकिंगमुळे ईसीयू ठिणगी किती अंश उशिरा देतो). तीन ओढी पाठोपाठ घ्याव्यात, कारण इंटरकूलरचा कमकुवतपणा पहिल्या ओढीत दिसत नाही. रिटार्ड ३ अंशांच्या पुढे वारंवार जात असेल, किंवा एकाच सिलिंडरचे बाकीच्यांपेक्षा ठळक जास्त असेल, तर बूस्ट वाढवू नये. त्या सिलिंडरचा प्लग काढून भिंगाखाली बघावा आणि इंजेक्टर पुन्हा बेंचवर न्यावा.

आपले,
इंजिन रिबोअरिंग आणि इंजेक्टर दुरुस्तीचे काम करणारे काही कारागीर,
कोल्हापूर