नववं नाव

लोझेर, फ्रान्स, ८ फेब्रुवारी २०२६

सुमे,

दोन दिवाळ्या गप्प बसले, त्याबद्दल हव्या तेवढ्या शिव्या दे. गुडघा सोडला तर तब्येत बरी.

हे तुलाच कळेल म्हणून लिहितेय. १५ मार्चला आमच्या गावची निवडणूक, आणि घोडं माझ्यापाशी अडलंय. वस्ती २४०, म्हणून जागा ११. परवापरवापर्यंत मजा होती: मतपत्रिकेवरची नकोशी नावं पेनाने खोडायची, हवी ती लिहायची. कुणाच्या गाई कुणाच्या कुरणात शिरल्या, त्याचा हिशेब तिथे चुकता व्हायचा. २०२५च्या कायद्याने हजाराखालच्या गावांतही तो खेळ संपला. एक नाव खोडलं की अख्खं मत बाद. आता यादीच द्यायची, निदान ९ नावांची, आणि पुरुष-बाई-पुरुष-बाई अशीच. आमच्याकडे पुरुष ५, बाया ३. पुरुष आणखी चार मिळतील, उपयोग शून्य! नववं नाव चौथ्या बाईचंच हवं, आणि ते माझं असावं म्हणतात. तुमच्याकडच्या ‘सरपंचपतीं’ची फार आठवण येते.

यादीच गेली नाही तर निवडणूक नाही. प्रीफे, म्हणजे आपला कलेक्टर समज, तिघांची समिती नेमतो. ती रोजची कामं उरकते, तीन महिन्यांत पुन्हा मतदान.

आणि काम थोडं नाही. पाणीपुरवठा २०२६पासून सक्तीने गावांच्या गटाकडे जाणार होता, गेल्या एप्रिलमध्ये ती सक्ती उठली. म्हणजे झरा, टाकी, गळके पाइप आमच्याच गळ्यात. रात्री दोन ते चार टाकीचं मीटर बघायचं. गाव झोपलेलं असताना काटा पळत असेल तर गळती. मग एकेक व्हॉल्व्ह बंद करत कुठल्या गल्लीत, ते शोधायचं. थंडीत, माझ्या गुडघ्याने. शिवाय ३० एप्रिलच्या आत बजेट, तेही तुटीचं चालत नाही.

हो, पासपोर्ट बदलला. तू ‘फितूर’ म्हणशील म्हणून बोलले नाही. ते निळ्या पासपोर्टवरचं भांडण तूच जिंकलीस असं धर. शेजारचा डच म्हातारा सदस्य होऊ शकतो, मेअर नाही. मी मेअरसुद्धा होऊ शकते. हसू नकोस.

सहा वर्षं, सुमे. आणि दर बैठकीत माझे ते फ्रेंच उच्चार.

पिंकीचं ठरलं का? अण्णांचे डोळे?

तू पहिल्यांदा फॉर्म भरलास तेव्हा घरी कुणाला विचारलं होतंस? सोमवारच्या आत फोन कर. संमतीचं वाक्य स्वतःच्या हाताने लिहून सही करावी लागते, आणि तो कागद आठ दिवस फ्रिजवर चिकटवलेला आहे.

तुझी,
मंदी